हलका पाऊस

सुमनबाई : आरतीला भोंगा चालतो. उद्या एकादशी हाय म्हणून सांगायला चालतो. गावात कुणी वारलं तरी चालतो. निसतं हवामान वाचायचं म्हणलं की तुमचा भोंगा बिघडतो का, अवधूतमामा?

अवधूत : भोंगा न्हाई बिघडला, सुमनबाई. गुरव बिघडलाय. बसा आदी. पाणी घ्या. एवढ्या उन्हाचं देवळापर्यंत पळत आल्यात.

सुमनबाई : बसायला वेळ न्हाई. बारा वाजून गेले. चारठाण्याहून माझ्या भावाचा फोन आला, तिकडं आभाळ काळंनिळं झालंय म्हणला. तुमच्या फोनात मेसेज आला असंल. उघडा.

अवधूत : येतो की. दर मंगळवारी येतो, शुक्रवारी येतो. वर्ष झालं, मी उघडत न्हाई.

सुमनबाई : आज उघडा.

अवधूत : थांबा, चष्मा कुठं ठिवला मी... हां. ‘तलाव परिसरासाठी अंदाज. मंगळवारी दुपारी तीननंतर वादळी वारा, विजांचा कडकडाट, काही ठिकाणी गारपीट. उघड्यावर किंवा झाडाखाली थांबू नये.’ घ्या. तेच शब्द. अक्षर न् अक्षर तेच.

सुमनबाई : तेच म्हंजे?

अवधूत : काही न्हाई. चैत्रात दुसरं काय लिहिणार ते.

सुमनबाई : मग वाचा की. तलावाचं पाणी हटलं तसं पल्याड गाळावर धा-बारा घरांनी टरबूज लावलंय. तोडा चालू हाय. बायका हायत, लेकरं हायत. माझा बालाजी तिथंच हाय, बापाच्याच तुकड्यावर.

अवधूत : त्याला फोन लावा.

सुमनबाई : तिकडं रेंज न्हाई.

अवधूत : रेंज न्हाई? गेल्या आठवड्यात तिथूनच मला फोन केला की त्यानं. वर्षश्राद्धाला काय काय आणू म्हणून विचारत होता. थांबा, मी लावतो... वाजायलाय बगा. वाजायलाय... उचलंना.

सुमनबाई : फोन खोपीत टाकून वेलात असंल. दुसऱ्या कुणाचा नंबर मला ठाऊक न्हाई.

अवधूत : मग कुणाला तरी पाठवा.

सुमनबाई : काठाकाठानं जायला दीड तास. होडीवाला जिंतूरला लग्नाला गेलाय. भोंगा मातर जातो तिथवर. पाण्यावरून आवाज लय साफ जातो. आमचे मालक म्हणायचे, घरापेक्षा गाळावर बसून गुरवाची आरती चांगली ऐकू येते.

अवधूत : नका काढू ते.

सुमनबाई : का नको? अंदाज चुकला, तो हवामानवाल्यांचा चुकला. त्यात तुमचा काय कसूर? अख्खं गाव वर्षभर हेच सांगायलंय तुमाला.

अवधूत : गावाला काय ठाऊक? अंदाज चुकला नव्हता, सुमनबाई.

सुमनबाई : काय म्हणलात?

अवधूत : त्या शुक्रवारी मेसेज असाच होता. आता वाचला ना, तसाच. मी फोन हातात धरून ह्याच पायरीवर बसलो होतो. तेवढ्यात दत्तराव आले, जत्रा कमिटीचे. म्हणले, मामा, उद्या जत्रा हाय, पाच गावचे पैलवान यायलेत, पाळणेवाले येऊन पडलेत. तुमी गारा गारा करू नका. फाल्गुनात तीनदा सांगितल्या, एक तरी पडली का? खरंच पडली नव्हती. पोरं मला गारवाला गुरव म्हणायली होती. देवळात आलेल्या बायाबी तोंडाला पदर लावून हसायच्या. मलाबी शरम वाटायची.

सुमनबाई : मग?

अवधूत : मग मी वाचलं, ढगाळ वातावरण, हलका पाऊस. गारा गाळल्या. विजा गाळल्या. झाडाखाली थांबू नका, तेबी गाळलं.

सुमनबाई : झाडाखाली.

अवधूत : हां. काशीनाथ बाभळीखालीच सापडला ना. वीज पडून बाभळ उभी चिरली होती. त्याला उचलायला मीबी होतो.

सुमनबाई : ‘गुरवानं हलका पाऊस सांगितलाय, टरबुजावर चवाळं टाकतो आन् कुस्त्यांना माघारी येतो.’ असं म्हणून गेले मालक.

अवधूत : ठाऊक हाय. तुमीच सांगितलं होतं तवा, समद्यांच्या देखत. मी मान खाली घालून ऐकत होतो.

सुमनबाई : तेराव्याला आमच्या ओसरीवर बसून रडलात तुमी.

अवधूत : रडलो. त्यात खोटं नव्हतं.

सुमनबाई : वर्षभर माझ्या दारावरून जायलात, यायलात. एकदा तरी सांगावं वाटलं न्हाई?

अवधूत : रोज वाटलं. तुमच्या अंगणापर्यंत आलो की पाय पुढं जायचे. शिव्या द्या मला, सुमनबाई. देवळात हाय म्हणून मुलाहिजा ठिवू नका. मागायला तोंड न्हाई, पर माफ करता आलं कधी, तर करा.

सुमनबाई : शिव्या द्यायला तोंड लागतं, मामा. त्या दिवशी माझ्या तोंडाला काय धाड भरली होती?

अवधूत : तुमचं काय त्यात?

सुमनबाई : त्या दिवशी सकाळीबी माझ्या भावाचा, योगीराजचा फोन आला होता. आजच्यासारखाच. म्हणला, आक्का, आमच्याकडं लिंबाएवढ्या गारा पडायल्यात, तुमच्याकडंच सरकायलंय, दाजीला तलावावर जाऊ देऊ नको.

अवधूत : आन् तुमी...

सुमनबाई : तीन दिवस आमची बोली बंद होती. भाचीच्या साखरपुड्याला मला जाऊ दिलं नव्हतं त्यांनी. माझ्या भावाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या. मी म्हणलं, आता हे सांगितलं तर म्हणतील, आला का चारठाण्याचा पंडित. न्हाई सांगितलं. भाकर बांधली, ती बी हातात दिली न्हाई, उंबऱ्यावर ठिवली. शेवटी त्यांनीच बोली धरली. आभाळाकडं बघून म्हणले, कसं वाटतंय गं? मी म्हणलं, मला काय विचारता, गुरवाला विचारा.

अवधूत : अरे देवा.

सुमनबाई : तेवढंच शेवटचं बोलणं. त्यांनी तुमाला विचारलं न्हाई, तुमी शुक्रवारी सांगितलेलंच धरून गेले. गाव म्हणलं, हवामान चुकलं. मीबी म्हणलं, हवामान चुकलं. लय सोपं होतं ते म्हणायला.

अवधूत : हे बालाजीला ठाऊक हाय?

सुमनबाई : परवा वर्षश्राद्ध झालं. गाव यंदाच्या जत्रेच्या कुस्त्या बघायला गेलेलं, आमच्या घरी आमी दोघंच, आन् ते वाढलेलं पान. मला राहवेना. सांगून टाकलं. पोरगं पानावरून उठलं. तवापून बोलत न्हाई. खोटं बोलले मी, मामा. रेंज हाय तिकडं. माझं नाव दिसलं की कापतो. सकाळपासून चारदा कापला.

अवधूत : म्हणून भोंगा पाहिजे तुमाला.

सुमनबाई : म्हणून पाहिजे. त्या दिवशी सांगता येत असून मी सांगितलं न्हाई. आज सांगायलेय, तर ऐकणारा न्हाई. तुमचं ऐकंल तो. पर पुरं वाचा.

अवधूत : पुरं वाचायचं तर मागलंबी वाचावं लागंल.

सुमनबाई : वाचा. दत्तरावाला काय वाटायचं ते वाटू द्या.

(गाभाऱ्याशेजारच्या खोलीचं कुलूप निघतं. भोंगा खरखरतो.)

अवधूत : हॅलो. हॅलो. गावकरी मंडळी, मी अवधूत गुरव बोलतोय. पल्याड गाळावर जे हायत, त्यांनी हातातलं काम ठिवून ऐका. आज दुपारी तीननंतर तलावाच्या परिसरात वादळी वारा, विजांचा कडकडाट आन् गारपीट. उघड्यावर थांबू नका. झाडाखाली थांबू नका. बाभळीच्या बाजूला कुणी जाऊ नका. टरबूज राहू द्या, लेकरं घेऊन आताच निघा. पुन्हा सांगतो, तीननंतर, विजा आन् गारा. आन् आणखी एक. गेल्या वर्षीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी मला असाच मेसेज आला होता. मी तो अर्धाच वाचला. हवामानवाले चुकले नव्हते. मी गाळलं होतं. आजचा पुरा वाचलाय. गार पडली न्हाई तर उद्या मला खुशाल हसा, पर आता घरी या.

सुमनबाई : बालाजीचं नावबी घ्यायचं होतं.

अवधूत : घेतो. बालाजी काशीनाथ, ऐकत असशील तर मला फोन कर बाळा... आता बसा तुमी. पायरी तापलीय, सावलीत बसा.

सुमनबाई : आभाळ बगा पलीकडं. चारठाण्याच्या अंगाला.

अवधूत : बगायलोय. वारा पडलाय. पानबी हालंना पिंपळाचं.

सुमनबाई : किती वेळ झाला?

अवधूत : पाच मिनटं न्हाई झाले अजून... वाजला. त्याचाच हाय. हां, बालाजी. हां, मीच लावला होता... समदे?... बरं. बरं... हां, ते खरं हाय. मीच... बरं बाळा. या नीट.

सुमनबाई : काय म्हणला?

अवधूत : ऐकलं म्हणला. समदे निघालेत. बाया, लेकरं ट्रॅक्टरात बसवलीत, गडी मागून. बाभळीकडून न्हाई, तलावाच्या भिंतीच्या बाजूनं यायलेत.

सुमनबाई : आन् तुमाला काय म्हणला?

अवधूत : ‘तुमच्याशी मागून बोलतो’ म्हणला. आवाज चढवला न्हाई. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

सुमनबाई : माझं काही विचारलं?

अवधूत : पाणी देऊ का आणखी?

सुमनबाई : मामा. विचारलं का?

अवधूत : न्हाई विचारलं, सुमनबाई. ‘विचारलं’ म्हणून सांगता आलं असतं मला. जिभेवर आलंबी होतं. पर आता गाळायचंबी न्हाई आन् घालायचंबी न्हाई.

सुमनबाई : बरं केलं. कोरडा घरी येऊ दे, मग न्हाई का बोलंना. येते मी. भिंतीच्या रस्त्याला जाऊन उभी राहते.

अवधूत : राहा. झाडाखाली थांबू नका तेवढं.