डावं फूल, उजवं फूल

लालबागच्या मिठाईवाल्याकडे रांग बरीच होती, पण पुढच्या दोघांचं बोलणं कानावर पडल्यापासून नलूताईंना घाई उरली नव्हती. त्यांच्या पुढे एक बाई आणि तिचा दांडगा मुलगा उभे होते. बाई सकाळीच कोकणातून आलेली दिसत होती; कपाळावर देवळातला अंगारा तसाच होता.

"आई, खरं सांग. देवाने नको म्हटलं ना?"

"रांगेत ओरडू नको, हितू."

"आज अर्ज भरायचाय गं. आर्मीत जाऊन पॅरा कमांडो व्हायचं, की नेव्हीत जाऊन मार्कोस? डोक्याचा भुगा झालाय, आणि तू गावी कौल लावत बसलीस!"

"तुझ्यासाठीच गेले मेल्या. गुरवाने देवाला दोन फुलं लावली. उजवं पडलं तर विमानातून उड्या मारणारे, डावं पडलं तर पाण्यातले."

"मग?"

"कितीतरी वेळ एक फूल हलेल तर शपथ. शेवटी उजवं पडलं."

"पॅरा! आणि मुळात जाऊ की नको, त्याचं काय?"

"ते विचारलंच नाही."

"का?"

"देव नको म्हणाला असता, तर तू थांबला असतास?"

"नाही."

"मग देवाला कशाला तोंडावर पाडायचं?"

"बोला मावशी, काय देऊ?"

"दोन किलो पेढे. अख्ख्या चाळीत वाटायचेत."

"आई, अजून भरती व्हायचीय माझी!"

"ते तुझं काम. देवाचं आणि माझं झालं."