मागच्या चाकावरची कड

हॅलो? … हां ताई! बरं झालं तूच फोन केलास… थांब, मागे ग्राइंडर चालू आहे. मामा, बंद कर ना जरा, ताई आहे फोनवर! … हां, बोल. नको, तू नको बोलूस, आधी मी बोलते.

बसली. चारही चाकं बसली. … अगं काय दिसतात म्हणून सांगू! तुझी ती चिमुकली पिवळी गाडी पाय फाकवून उभ्या राहिलेल्या पैलवानासारखी दिसतेय. मामीसुद्धा हातातलं काम टाकून बघायला आली. … हो, हो… अगं ऐक ना, इतक्यात नाचू नकोस.

घासतात. … मागची दोन्ही. मामानं एकट्यानं फिरवली तेव्हा काही नाही. मी शेजारी बसले आणि गॅरेजच्या फाटकाजवळचा खड्डा आला, तर खर्रर्र! टायरला चरा पडलाय.

कसं म्हणजे? चाकं रुंद, त्यात ऑफसेट, म्हणजे बोल्टांची बैठक, इतकी आत, की ती बाहेर येणारच. … माहितीय ना, तू मापं घेऊनच मागवलीस. पण मापं घेताना गाडी कुठे होती? … जॅकवर. … ताई, जॅकवर चाक लोंबकळत असतं! गाडी खाली टेकली, आत माणसं बसली, की चाक वर मडगार्डात शिरतं. तिथे पत्र्याची आत दुमडलेली कड आहे, सुरीसारखी. … नाही गं, हसत नाहीये. … बरं, थोडीशी हसले.

परत करायची? टायर चढवलेत त्यांच्यावर. दुकानदार आता ओळखसुद्धा दाखवणार नाही. … जुनी लावू? आणि परवाची घाटातली शर्यत? गेल्या वेळी वळणावर मागून घसरलीस, तेव्हा "मला रुंद चाकं हवीत" म्हणून कोण किंचाळत होतं, मी? … नाही, अशीच नेऊन चालणार नाही. टायरवरचा चरा बघून तपासणीवालेच तुला रांगेतून काढतील.

उपाय आहे. ती कड आतल्या आत वर दाबून चपटी करायची. बाहेरून काही कळत नाही. … रंग, हो, रंगाचंच तर अवघड आहे. पत्रा गार असताना वाकवला की रंग तडकतो.

मामा? मामा एका पायावर तयार आहे. … अगं, लगेच हो म्हणू नकोस! त्याच्या हातात काय आहे ते तरी विचार. … हातोडी. म्हणतो, "दोन ठोक्यांचं काम." मी मघापासून मडगार्डसमोर हात पसरून उभी आहे, शाळेच्या गणवेशात. ग्रीस लागलंय, आईला सांगू नकोस.

शेजारच्या पेंटरकाकांचा रोलर आणलाय, रंगाचा नव्हे, कड दाबायचा. चाक काढायचं, त्या जागी तो बोल्ट आवळून बसवायचा, आणि दांडा पुढेमागे करत राहायचं. कड हळूहळू वर दबते. … नाही, काका परगावी गेलेत. सोमवारी येतील. … मी करणार. … हॅलो? ताई? आहेस का? … म्हटलं, मी करणार.

… झालं ओरडून? … अजून असेल तर ओरड, मी थांबते.

… मला ठाऊक नाही का, तो रंग तू स्वतः मारलायस ते? काचांना कागद कोण चिकटवत होतं?

… केलंय ना! काकांसमोर, भंगारातल्या मडगार्डांवर. पहिल्याच्या रंगाचे पापुद्रे उडाले, खोटं कशाला सांगू? दुसऱ्याला केसाएवढी चीर गेली. मग कळलं. मी आधी पत्रा तापवायचे आणि मग दांडा ओढत बसायचे, तोवर तो निवायचा. गरम हवा शेवटपर्यंत सोडत राहायला हवी. बोट टेकवलं तर झटकन काढावं लागेल इतका पत्रा तापलेला हवा. आणि रोलर दरवेळी चिमूटभरच आवळायचा. त्यानंतरचे सगळे नीट झालेत.

… तडकला तर तडकला, ताई. मी हमी देतच नाहीये. हमी मामा देतोय, हातोडी घेऊन.

… आणि "बाळ" नको म्हणूस मला! … गाडी तुझी आहे. तू नाही म्हण, मी आत्ता जुनी चाकं लावते. तोंडातून ब्र काढणार नाही. … खरंच. … हं. … हं.

काय म्हणालीस? मोठ्यानं म्हण, मामालाही ऐकू दे! … ऐकलंस मामा? ठेव ती हातोडी!

… हो, राहा फोनवर. स्पीकर लावून स्टुलावर ठेवते. … तो गरम हवेचा आवाज आहे. … आता ओढतेय. … पुढे. … मागे. … आवळलं जरासं. … नाही, "टक्" म्हणजे पाना पडला, मामानं पाडला. … ताई, श्वास घे! … अजून एकदा. … अजून एकदा. … थांब, पत्रा निवू दे. … हं, आता बॅटरी मारून बघते. आतून चपटी झालीय. बाहेरून… बाहेरून बोट फिरवतेय… ताई! गुळगुळीत! काच जशी!

… अगं रडतेस काय, अजून टायर घासतो का ते कुठे बघितलंय? चाक लावू दे. … हां, लागलं. फक्त उजव्या चाकाखाली येईल अशी जाड फळी ठेवलीय. मामा, बस आत. मामी, तूही! अगं लाजतेस काय, तुझ्या वजनाचं आज पहिल्यांदा कौतुक होतंय! … ताई, फोन चाकाजवळ धरते. ऐक हं. मामा, चल! …

मामा, परत! जोरात आण! …

काय ऐकू आलं? … मामीची किंकाळी सोडून. … काहीच नाही? … काहीच नाही ना? येस्स!

… आता डावी बाजू. … नाही ताई, आता फोनवर नको. … अगं, तुझा श्वास अडकला की माझा हात थांबतो, आणि हात थांबला की पत्रा निवतो. … विश्वास आहे ना? मग ठेव. … तू ठेव आधी. … नाही? …

बरं, मीच ठेवते.