पंचाचा डावा डोळा

डॉक्टर : नाही ताई, पुन्हा तेच विचारतोय, कारण मला ते जुळत नाहीये. आधी बसा बघू.

ताई : बसते. पण भावाचं सगळं पहिल्याच दिवशी सांगून झालंय. साखर नाही, दमा नाही, दारू नाही. नाकाच्या शेंड्यावर राग आहे, पण तो तुमच्याकडे कुणी विचारला नाही.

डॉक्टर : आणि डोळ्यांचं?

ताई : डोळ्यांचं काय?

डॉक्टर : जुना मार, दुखणं, एखादं ऑपरेशन?

ताई : अहो, पंच आहे माझा भाऊ! फुटबॉलचा पंच. इतकी वर्षं शिट्टी फुंकतोय की लोक त्याचं नावही विसरलेत. पंचाच्या डोळ्याला काय धाड भरणार आहे?

डॉक्टर : मग हे ऐका. मैदानाच्या पायऱ्यांवरून ते पडले, तेव्हा रक्त साकळलं डोक्याच्या उजव्या बाजूला. ते आम्ही काढलं. आत दाब वाढला, तर बहुतेक वेळा त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि बॅटरी मारली तरी आकसत नाही. यांची उजवी बाहुली ठणठणीत आहे. डावी मोठी आहे आणि ढिम्म हलत नाही.

ताई : त्याला कधी काही सरळ जमलंय का? मारही उलटाच लागला असेल.

डॉक्टर : ताई, हसण्यावारी नका नेऊ. आमच्याकडे एक हिशोब असतो. वय, हातपाय किती हलतात, बाहुल्या, स्कॅन, हे सगळं त्यात घालायचं. आजवरच्या हजारो जखमींचं पुढे काय झालं, त्यावरून तो सांगतो की अशा माणसाचं सहा महिन्यांनी काय होईल.

ताई : म्हणजे भविष्य.

डॉक्टर : भविष्य नाही, हवामानाचा अंदाज म्हणा.

ताई : छत्री नेली की पाऊस पडत नाही, तोच ना तो?

डॉक्टर : कधीकधी तसंही होतं. पण उद्या आमची बैठक आहे. गळ्यातून श्वासाची वाट करून लांबची लढाई लढायची, की आता त्यांना आणखी त्रास द्यायचा नाही, हे ठरवायचंय. आणि हिशोब... तो चांगलं सांगत नाहीये.

ताई : एका बाहुलीपायी?

डॉक्टर : एकट्या बाहुलीपायी नाही. चिमटा काढला तर उजवा हात वाकतो, डावा तेवढाही नाही. पण बाहुलीचं वजन फार पडतं. ती खोटं बोलत असेल, तर सगळंच खोटं. म्हणून विचारतोय.

ताई : दार लावा.

डॉक्टर : लावलेलंच आहे.

ताई : आणि ती खिडकी?

डॉक्टर : आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत.

ताई : असू दे, लावा. आईच्या गळ्याची शपथ घातली होती हो त्यानं मला. आई गेली, तरी मी ती मोडली नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा ठाऊक नाही. पोरवयात गोलकीपर होता तो. एकदा चेंडू सणसणत आला तो थेट डाव्या डोळ्यावर. सूज उतरली, पण ती बाहुली तेव्हापासून उघडी ती उघडीच. अंधुक दिसतं, अगदीच नाही असं नाही. ऊन मात्र सोसत नाही, म्हणून ती टोपी. लोकांना वाटतं, रुबाब आहे.

डॉक्टर : आणि पंच होताना डोळे तपासले नाहीत?

ताई : तपासले ना! अक्षरांचा तक्ता पाठ करून गेला पठ्ठ्या. मीच पाठ करून घेतला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. हे बाहेर फुटलं की त्याची शिट्टी गेली. आणि शिट्टी गेली की काय उरतं त्याचं? बायको नाही, पोर नाही. म्हणून पहिल्या दिवशी तुमच्या तोंडावर 'काही नाही' म्हटलं. मला काय माहीत, मी त्याचीच मान कापतेय! तो त्या खाटेवर पडलाय आणि मी त्याचा रुबाब सांभाळत बसले.

डॉक्टर : रडा. पण एक मिनिट... म्हणजे माझी पेनल्टी!

ताई : काय?

डॉक्टर : मी हॉस्पिटलच्या टीममधून खेळतो. बचावाला असतो. चेंडू माझ्या हाताला लागला म्हणून यांनी पेनल्टी दिली होती. आम्ही हरलो. आणि मी यांच्या डाव्या बाजूला होतो!

ताई : मग? लागला होता का हात?

डॉक्टर : मुद्दा तो नाहीये.

ताई : बरं.

डॉक्टर : त्याच सामन्यात आमच्या पोराला समोरच्यानं सरळ आडवा केला, तरी शिट्टी नाही. मी ओरडत यांच्या अंगावर गेलो. तर दोन्ही हात पुढे पसरून म्हणाले, 'खेळ चालू!' तेवढ्यात आमच्याच दुसऱ्या पोरानं गोल केला.

ताई : नियमच आहे तो. ज्याच्यावर फाउल झाला त्याचाच फायदा होत असेल, तर हा शिट्टी गिळतो. दिसत सगळं असतं हो त्याला. एका डोळ्यानं का होईना.

डॉक्टर : थांबा. त्या बाहुलीचं वजन काढून टाकतो आणि पुन्हा मांडतो. हं... रक्तदाब तोच, स्कॅन तोच...

ताई : जीव टांगणीला लागलाय माझा. बोला ना.

डॉक्टर : शंभरातले...

ताई : आकडा नको! तुम्ही हसलात. आल्यापासून पहिल्यांदा हसलात, मला पोचलं.

डॉक्टर : पारडं फिरलंय, ताई. चांगलं फिरलंय. पण नीट ऐका. हा हिशोब शंभर माणसांचं सांगतो. त्या शंभरातले तुमचे भाऊ कोणते, ते तो सांगत नाही.

ताई : ते मी सांगते. सगळ्यांत आडमुठा जो असेल, तो आमचा.

डॉक्टर : उद्या बैठकीत मी लढाईच्या बाजूनं बोलणार. आणि हे डोळ्याचं मला लिहावं लागेल. दडवता येणार नाही.

ताई : लिहा. ठळक लिहा. उठला की आधी मलाच मैदानाबाहेर काढेल.

डॉक्टर : आधी उठू तर द्या.

*

(काही दिवसांनंतर, पंचाच्या खाटेपाशी. सिस्टर शेजारी.)

डॉक्टर : पंच, ऐकू येतंय? उजव्या हाताची दोन बोटं दाखवा. दोन बोटं... नाही.

ताई : परवा डोळे उघडले, तेव्हा मला वाटलं झालं आता. पण बघतो ते भिंतीकडे बघितल्यासारखं.

डॉक्टर : डोळे उघडणं वेगळं आणि सांगितलेलं करणं वेगळं. ते झालं की मी मानेन. तुम्ही बोलता ना त्यांच्याशी?

ताई : माझं तोंड कधी बंद असतं का? गळ्यात नळी आहे, म्हणून उलट बोलत नाही, एवढंच सुख. ऐक रे पंचा, तुझी फायनल त्या टकल्याला दिली. चेंडू रेषेवर होता, आणि त्यानं गोल धरला. म्हणे, मला वाटलं आत गेला.

डॉक्टर : पुन्हा बोला. हे पुन्हा बोला.

ताई : काय झालं?

डॉक्टर : कपाळाला आठी पडली. पंच! इकडे बघा. ही तुमची बहीण मैदानात घुसून तुमच्याशी हुज्जत घालतेय. कार्ड दाखवा हिला. कार्ड काढा!

ताई : हात हलला... डॉक्टर, हात छातीवर चाललाय त्याचा!

डॉक्टर : नळीला लागू देऊ नका. पण अडवूही नका.

ताई : काय शोधतोयस रे? अगं बाई... खिसा! शर्टाचा खिसा शोधतोय तो. कार्ड तिथेच असतं त्याचं. अरे राजा, हा हॉस्पिटलचा सदरा, याला खिसा नाही रे! सिस्टर, याला खिसा शिवून द्या कुणीतरी!

डॉक्टर : सांगितलं ते केलं. ताई, सांगितलं ते केलं त्यांनी! लिहा सिस्टर, लिहा. आणि हो, अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं तरी चालेल.

ताई : दे, मला दे कार्ड. पिवळं दे, लाल दे, तुला हवं ते दे.

*

(बऱ्याच आठवड्यांनंतर. व्यायामाची खोली. गळ्यातली नळी निघाली आहे. पंच टोपी घालून चाकांच्या खुर्चीत.)

पंच : टोपी... तिरकी बसवलीस.

ताई : आरसा नाही, काही नाही, तरी याला कळतं. आता जरा हळू बोल, दम लागतो.

पंच : कुणी सांगितलं?

ताई : काय?

पंच : डोळ्याचं. संघटनेचा माणूस... आला होता. इथले कागद वाचून... शिट्टी परत मागितली.

डॉक्टर : पंच, त्यांनी सांगितलं नसतं, तर आज मी तुमच्याशी...

पंच : तुम्हाला नाही विचारलं. पेनल्टी... तुमचीच ना ती?

डॉक्टर : हो. माझीच.

पंच : हात?

डॉक्टर : ...लागला होता.

पंच : माहीत आहे. आवाज आला होता.

ताई : माझ्याशी बोल. मीच सांगितलं. शपथ मोडली, आईच्या गळ्याची मोडली. तुझी शिट्टी माझ्यामुळे गेली. पण पुन्हा तशी वेळ आली ना, तर पुन्हा मोडेन. तू असा समोर बसून माझ्यावर डाफरतोयस, याहून मला दुसरं काही नको. आता काय करायचं ते कर.

पंच : फाउल.

ताई : हो, फाउल. आता सदऱ्याला खिसा शिवलाय मी. काढ कार्ड.

पंच : उभं करा मला.

डॉक्टर : आज दोनदा झालंय, पुरे.

पंच : बसून... निर्णय देत नाहीत.

डॉक्टर : बरं. ताई, तुम्ही कंबरेला धरा. मी पाठीमागे आहे. एक, दोन... हं. उभे आहात. सरळ उभे आहात.

ताई : आता काढ. उजव्या हातानं काढ, खिसा तिथेच आहे... अरे, हे काय? हात पुढे कशाला पसरतोयस? पडशील!

पंच : खेळ... चालू.

ताई : काय म्हणालास?

पंच : खेळ चालू, ताई.

डॉक्टर : ताई, रडताय कशाला, तो डावा हात बघा! सकाळपर्यंत मांडीवरून उचलत नव्हता. पंच, अहो, नव्या नियमात एक हात पुढे केला तरी चालतो म्हणे.

पंच : चालतो. मी दोन्ही करतो.