एकमेकांचे साक्षीदार

लेक: हसताय काय बाबा? वकीलबाईंनी दोन्ही मृत्युपत्रं परत पाठवलीत. दोन्ही!

बाबा: अक्षर लागलं नाही का त्यांना? त्यांचा नंबर वाढला असेल. दुकानात पाठव, तपासून देतो.

लेक: अक्षर छान आहे. मला सांगा, तुमच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही कोणाची?

बाबा: हिची. तुझ्या मावशीची.

लेक: आणि मावशी, तुझ्या मृत्युपत्रावर?

मावशी: ह्यांची. जेवणं झाली, टेबल पुसलं, हे म्हणाले सही कर, मी केली. मग मी म्हटलं, आता तुम्ही करा.

लेक: अगं, बाबांनी घर तुला लिहून दिलंय आणि साक्षीदारही तूच. ज्याला मिळणार त्याची साक्ष चालत नाही!

मावशी: का बरं? ज्याला मिळणार तो उलट मन लावून सही करेल.

लेक: कायद्याला मन नसतं, मावशी. आणि दुसरी सही इस्त्रीवाल्याची. त्याला तू बटणांचे सगळे डबे लिहून दिलेस.

मावशी: त्याच्या नातीला आवडतात. तासन्‌तास रंगांप्रमाणे लावत बसते.

लेक: बरं, खालच्या काकूंना बोलावू सहीला?

मावशी: त्यांना उभा आरसा दिलाय.

लेक: समोरचे मास्तर?

बाबा: माझी दुर्बीण.

लेक: धन्य आहात दोघं! अख्खी गल्ली वारस करून ठेवलीत. सहीला उरलं कोण?

बाबा: तो नवा टपालवाला आहे ना. त्याला अजून काही द्यावंसं वाटलेलं नाही.

लेक: थट्टा पुरे. बाईंनी खाली चार ओळी लिहिल्यात, वाचते. 'मृत्युपत्र टिकलं नाही तर घर मुलीकडे जाईल. सोबत राहणाऱ्या बाईंना त्यावर हक्क सांगता येणार नाही.'

मावशी: सोबत राहणाऱ्या बाई! ऐकलंत का हो? एकतीस वर्षं सोबत केली तुमची. पगार ठरवून घ्यायला हवा होता.

लेक: मावशी, हसण्यावारी नेऊ नकोस. उद्या बाबांना काही झालं...

बाबा: उद्या नको. उद्या तीन चष्मे द्यायचे आहेत.

लेक: बाबा! उद्या काही झालं तर ही खोली, ही मशीन, हे कापायचं टेबल, सगळं कुठे राहणार हे तिला दुसऱ्याला विचारावं लागेल. मला विचारावं लागेल.

मावशी: मग विचारीन. तू काय मला हाकलणार आहेस?

लेक: मी नाही. पण मीच तुझ्याआधी गेले तर? माझ्या सासरच्यांना तू ओळखतेस.

मावशी: ओळखते की. तुझ्या लग्नात तुझ्या सासूबाईंनी विचारलं, तुम्ही मुलीच्या नक्की कोण? मी म्हटलं, हिच्या अंगावर आहे ना, तो ड्रेस मी शिवलाय.

लेक: हे मला कधी बोलली नाहीस.

मावशी: बोलण्यासारखं काय होतं? ड्रेस त्यांना आवडला होता.

लेक: म्हणूनच बाई लिहितात, मृत्युपत्र नवीन करा, पण त्याआधी नोंदणी पद्धतीनं लग्न करा. म्हणजे कोणी कोणाला काही विचारायलाच नको.

बाबा: मी पाचदा विचारलंय. शेवटचं विचारलं तेव्हा ही म्हणाली, तोंडात टाचण्या आहेत, नंतर बोला. त्याला सहा वर्षं झाली.

लेक: आणि धाकटा काय म्हणतो? तुझ्यासोबत ह्या घरात आलेला तुझा लेक?

मावशी: तो बोटीवरून काय म्हणणार? म्हणतो, आई, तुमचं लग्न झालेलं नाही हे मला फक्त फॉर्म भरतानाच आठवतं.

लेक: म्हणजे कोणाचीच हरकत नाही. मग तू का नाही म्हणतेस?

मावशी: शब्द दिलाय म्हणून.

बाबा: शब्द? कोणाला? एकतीस वर्षांत मला हे आज कळतंय!

लेक: मला, बाबा. तिने मला शब्द दिलाय.

मावशी: तुला आठवतंय?

लेक: मला वाटत होतं, तू विसरलीस. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी नऊ वर्षांची. तू माझ्या शाळेच्या स्कर्टची खालची पट्टी दुमडत होतीस. मी वरून विचारलं, तू माझ्या बाबांशी लग्न करणार नाहीस ना?

बाबा: आणि हिने काय केलं?

लेक: तोंडातल्या टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या. मग म्हणाली, नाही करणार.

बाबा: म्हणजे मला नकार देताना टाचण्या तोंडातच, आणि हिच्यासाठी बाहेर!

मावशी: तुम्ही मोठे होतात, थांबू शकत होता.

लेक: मावशी, मी आज तो शब्द परत करते. मोकळी झालीस तू.

मावशी: असं कसं गं चिमे? शब्द नऊ वर्षांच्या पोरीला दिला होता. चाळिशीची बाई तो परत करून कसं चालेल?

लेक: मग बारा वर्षांची चालेल का?

मावशी: म्हणजे?

लेक: तीन वर्षं मी वाट बघितली, तू शब्द कधी मोडतेस त्याची. मोडलास की मला तुझा राग करता आला असता. तू मोडलाच नाहीस. मग एक दिवस शाळेतून आल्यावर ठरवलं, आज सांगायचं, की आता केलंत लग्न तरी चालेल. ह्याच दारात आले. तू मशीनवर होतीस. मान वर केलीस, आणि माझ्या तोंडून निघालं, मावशी, बटण तुटलंय.

मावशी: तुटलं नव्हतं ते.

लेक: काय?

मावशी: ओढून काढलं होतंस. तुटलेल्या बटणाचा धागा आधी झिजतो, त्याचं टोक विसविशीत होतं. हा चांगला घट्ट होता, माझ्याच हातचा. कापडही ताणलं गेलं होतं.

लेक: मग विचारलं का नाहीस?

मावशी: तू बटण लावून घ्यायला आली होतीस. मी बटण लावलं. म्हटलं, बाकीचं काय असेल ते घेऊन येईल पुन्हा.

लेक: नाही आले. आधी लाज वाटली, मग वेळ गेली. मग मला वाटायला लागलं, तुम्हाला असंच बरं वाटत असेल.

बाबा: अठ्ठावीस वर्षं! घरात दोघी दोघी, एकीलाही तोंड उघडता आलं नाही. आणि मी आपला तिकडे दुकानात लोकांना विचारतोय, खालची ओळ दिसते का, खालची ओळ दिसते का!

लेक: मावशी, तेव्हा सांगायला आले होते ते आता सांगते. कर लग्न.

(मावशी मशीनवर शिवायला घेतलेला पडदा काढते, चार पदरी घडी घालते, बाजूला ठेवते.)

मावशी: लग्नाची नोटीस किती दिवसांची म्हणाल्या वकीलबाई?

लेक: तीस.

मावशी: ह्यांचा कोट होईल तेवढ्यात. तू ये इकडे, तुझं माप आत्ताच घेते. आणि रडायचं असेल तर आधी रडून घे, पोरी. श्वास हलला की माप चुकतं.