सरळ रेघ

(हवाबंद खोलीत बहीण. जाड काचेबाहेर डॉक्टर आणि भाऊ. बोलणं माइकवरून.)

डॉक्टर : मावशी, हालचाल मोजणारं यंत्र बहुतेक बंद पडलंय. सकाळपासून रेघ सरळच्या सरळ. दार उघडून बघावं लागेल.

बहीण : उघडलं तर?

डॉक्टर : बाहेरची हवा आत शिरेल. श्वासावरूनच तर कळतं, शरीर किती ऊर्जा खर्च करतं ते. आजची मोजणी वाया जाईल.

बहीण : मग नका उघडू.

भाऊ : चिमे, हट्ट सोड. ये बाहेर.

बहीण : म्हणजे तू घरभर सांगायला मोकळा. भूक आवरेना, पळून आली!

भाऊ : हवा खाऊन कुणाचं अंग सुटत नाही गं.

बहीण : ऐकलंत डॉक्टर? जन्मभर हेच. चोरून खाते म्हणे. त्याच्या देखत सांगा, माझं खाणं मोजलंत ना?

डॉक्टर : मोजलं. त्या रोज जेवढं खाते म्हणाल्या, तेवढंच आमच्या स्वयंपाकघरातून तोलून दिलं. ताटात उरलेलंही तोललं. वजन जिथल्या तिथे. एका घासाचंही खोटं बोलल्या नाहीत.

भाऊ : मग हे असं कसं?

डॉक्टर : खर्चच कमी दिसतोय. का, ते शोधायला ही खोली. आणि नेमकं यंत्र बिघडलं.

बहीण : यंत्राला काही झालेलं नाही. मी हललेच नाही.

डॉक्टर : अहो, घरच्यासारखं वावरा म्हटलं होतं ना!

बहीण : घरी अशीच असते. पुस्तकं बांधायची, तर दोरा, खळ, पाणी सगळं हाताशी घेऊन बसते. उठायचं झालंच, तर आधी जमिनीचा कानोसा घेते.

डॉक्टर : जमिनीचा?

बहीण : लहानपणी आम्ही वरच्या मजल्यावर. लाकडी जमीन. खाली दादाचा अभ्यास. मी चालले की खालून छताला काठी. ‘हत्तीण, बस!’ की बसले. त्याची परीक्षा कधीच संपली. मी आपली बसलेलीच.

भाऊ : अगं, थट्टा होती ती.

बहीण : हो तर. सगळे हसायचे. मीही हसायचे, बसल्या जागेवरून.

डॉक्टर : मावशी, आतापर्यंतची मोजणी तशीच राहू दे, ती खरी आहे. आज चालण्याचा तास ठरलेलाच आहे, तो आताच घेऊ. यंत्राचंही कळेल. दार उघडायला नको.

बहीण : खाली कोण आहे?

डॉक्टर : कुणी नाही. खाली नुसती माती.

बहीण : थांबा, चपला काढते. हं.

डॉक्टर : रेघ हलली! यंत्र ठणठणीत आहे. दमलात तर सांगा, मावशी.

बहीण : दमले तरी तास पुरा करणार.

भाऊ : चिमे... पावलं इथवर ऐकू येतायत.

बहीण : काठी आणलीयस?

भाऊ : नाही गं.

बहीण : मग ऐक.