तीनदा विसळायची नळी

सकाळी अकरा वाजता प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर मॅडम आणि त्यांची विद्यार्थिनी बसल्या होत्या. काचसामान धुणारे काका ट्रे घेऊन दाराशी थबकले.

“आम्ल न घालताच इलेक्ट्रॉन शेजारच्या धातूवर गेला?”

“हो मॅडम. तिन्ही नळ्यांत.”

“आणि तुझा अख्खा प्रबंध म्हणतो, आम्लातला प्रोटॉन आल्याशिवाय तो जागचा हलत नाही.”

“आधी नव्हता हलत. शपथ.”

“शपथेवर प्रबंध पास होत नाही गं. चारपर्यंत मागे घे, नाहीतर परीक्षक घेतील.”

“तीन वर्षं गेली, मॅडम.”

“माझीही गेली. नळ्या कुठल्या होत्या?”

“काकांनी धुतलेल्या.”

“मग त्यांच्याकडे बोट नको दाखवूस. वीस वर्षांत एक डाग नाही.”

काकांनी ट्रे खाली ठेवला.

“मॅडम, आम्लात बुडवलेल्या नळ्या तीनदा विसळतो मी.”

“माहीत आहे, काका.”

“सोमवारी पाणी गेलं होतं. त्या तिन्ही एकदाच विसळल्या, आत आम्ल राहिलं असेल.”

“आणि आज सांगताय?”

“आज कळलं, कुणाचं काय जातंय ते.”

विद्यार्थिनी उठली. काकांनी तिच्यादेखत नवी नळी तीनदा विसळली, मग चौथ्यांदा.

साडेतीनला ती नळी, आम्ल न घालता, अजून उपकरणातच होती आणि इलेक्ट्रॉन जागचा हलला नव्हता.