औंढ्याच्या डोंगरावरून समुद्र

औंढ्याच्या डोंगरावरून समुद्र दिसतो, ही थाप मीच मारलेली. दर रविवारी आमी सात-आठ जण तिथल्या रानवाटेनं फिरायला जातो, तेव्हा गंमत म्हणून. पण आमच्यातले राठोडकाका ती धरूनच बसले. "गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याच्याआधी एकदा समुद्र दाखव."

काका काठी टेकत, दम खात कड्यापर्यंत चढले. मी मनात माफी जुळवून राहिलो होतो. वर पोचलो, तर खालचं सगळं खोरं धुक्यानं भरलेलं. पांढऱ्या लाटा हळूहळू यायच्या, कड्याला लागून मागं फिरायच्या.

"काका, एक सांगायचं होतं..."

"गप बस. साठ वर्षं तांड्यावर काढली, मला धुकं कळत न्हाई व्हय?"

काकांनी बूट काढले, पँट दुमडली आणि दवानं भिजलेल्या गवतात पाय पसरून बसले. मग काकूंना फोन लावला. "अगं, समुद्रावर आलोय. व्हय, पाय बी भिजले. खोटं काहून बोलू? साक्षीदार हाय."

फोन माझ्या हातात आला.

"तुमी साक्षीदार?" काकू म्हणाल्या. "मग तर खोटंच!"

"न्हाई काकू," मी म्हणलं, "भरती येऊन राहिली."

आणि खरंच, धुकं आमच्या पायांपर्यंत चढलं होतं.